ऐकणारं माणूस

पितळेची घंटी. मूठ मिटली की आत मावेल एवढी.

यंत्रमाग उचलून नेले की फरशीत बोल्ट उरतात. ते कापावे लागतात. कापले तरी पायाला लागतात.

बाळाची दुपटी जुन्या धोतराची शिवावीत. नवं कापड टोचतं.

मालूआत्या चहा बशीत ओतते आणि बशीच्या काठावरून माणसं बघते.

आमच्या घरात पाठमोऱ्या माणसाशी कुणी बोलत नसे. जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा, त्याने तोंड वळवलं की मग बोलायचं.

"मधल्या स्पीकरचं तोंड ऐकणाऱ्याच्या कानाच्या रेषेत यावं." कुठल्या ऐकणाऱ्याच्या, ते पुस्तिकेत लिहिलं नव्हतं.

*

"आवाज टीव्हीतनंच यायलाय, ताई," सुहास म्हणाला. "सहा डबे मांडलेत आणि सगळे मुके."

"वायर कुठे घातलीस?"

"जिथं जाते तिथं."

"ती टीव्हीची झाली. ही आधी मशिनला घाल. आणि मग लॅपटॉपला सांगायला लागतं, की बाबा रे, आता तू गायचं नाहीस, त्याला गाऊ दे."

"ऐकतोय होय तो?"

"तुझ्यापेक्षा ऐकतो. सरक."

सुहास माझा धाकटा भाऊ. पुण्याहून गाडीत खोकी भरून आला होता: पाच स्पीकर, एक वूफर, एक जड काळं मशिन आणि वायरींची भेंडोळी. हे सगळं आप्पांसाठी, म्हणजे आमच्या वडिलांसाठी. आप्पांच्या जुन्या कॅसेटी त्याने संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. भजनं, नाट्यपदं, सिनेमातली गाणी, सगळी. आता ती लॅपटॉपमधून निघून त्या मशिनमध्ये जायची होती आणि मशिनमधून खोलीच्या पाचही कोपऱ्यांत. खोलीला चारच कोपरे असतात असं मी म्हटलं, तर तो म्हणाला, "तू फिजिक्स शिकवतेस ना, मग कर की काहीतरी."

मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. घरच्यांच्या मते याचा अर्थ मला वायरी जोडता येतात.

खोली म्हणजे आमची शेड. इचलकरंजीत घरामागे अशी शेड असतेच. तिच्यात आमचे माग चालायचे, दिवसा आणि रात्री. ते भंगारात गेले, सुहासने वरून गुळगुळीत फरशी घातली, भिंतींना रंग दिला, आणि शेडला सगळे हॉल म्हणायला लागले. आई सोडून. आई म्हणायची, "शेडमध्ये चहा आणू का?"

आप्पा नव्या खुर्चीत बसून रिमोटला प्लॅस्टिकचं कव्हर घालत होते. सोफ्यावर मालूआत्या, आप्पांची थोरली बहीण. ती माहेरी आली होती. ती नेहमीच माहेरी आलेली असायची. आई स्वयंपाकघर आणि शेड यांच्यामधल्या उंबरठ्यावर उभी होती. खोक्यांतून सांडलेल्या थर्माकोलच्या दाण्यांकडे तिचं लक्ष होतं, कधी एकदा झाडू आणते असं.

त्या दिवशी सकाळीच तिने मला खिंडीत गाठलं होतं. माझ्यासमोर दुपट्यांचं गाठोडं सोडलं होतं. आप्पांच्या जुन्या धोतरांची, हातशिलाईची, धुऊन धुऊन लोण्यासारखी केलेली दुपटी.

"सुहासला विचार ना," ती म्हणाली होती. "बाई शोधतायत म्हणे बाळासाठी. बाई कशाला? मी जाते की."

"तू विचार."

"मी विचारलं तर नाही म्हणेल. तू विचार."

सुहासची मुलगी तेव्हा तीन महिन्यांची होती. त्याच्या बायकोची रजा संपत आली होती, आणि तिच्या आईचा गुडघा नुकताच बदललेला. घरात राहून बाळ बघणारी बाई मिळत नव्हती. आणि इथे एक आजी गाठोडं बांधून बसली होती.

मी वायर घालता घालता विचारलं. त्याच्याकडे न बघता.

"सुहास, आईला घेऊन जा की बाळाकडे."

तो मशिनमागे वाकला होता, तसाच वाकून राहिला.

"ताई, तो विषय नको."

"का नको?"

"तुला माहीताय का ते."

"मला नाही माहीत. सांग."

सांगितलं मालूआत्याने. बशी खाली ठेवून. "अगं, हिच्या भरवशावर तान्हं पोर ठेवायचं? तात्यांचं काय झालं विसरलीस?"

आई उंबरठ्यावरून आत्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला अशी टक लावून बघायची सवय होती. आत्या त्यालाही नावं ठेवायची. बघते बघ कशी, गिळल्यासारखी. आई वळली आणि आत गेली.

आप्पा म्हणाले, "मंगळवारच्या भजनातलं पद आहे ना रे त्यात? ते पहिलं लाव."

*

तात्या म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि वाचा गेली. एक हात तेवढा चालायचा. म्हणून देवघरातली घंटी काढून त्यांच्या उशाशी ठेवली होती. पाणी हवं, कूस बदलायचीय, की घंटी. मग आई जायची.

मी शाळेत होते तेव्हाची एक दुपार. गावाची वीज गेलेली. माग बंद. मी आणि सुहास शाळेत, आप्पा सूतबाजारात. घरात आई होती, आणि माडीवर मालूआत्या.

आप्पा घरी आले तेव्हा तात्या पलंगाखाली पडलेले होते. थंड. घंटी मुठीत. आणि आई भिंतीपलीकडच्या खोलीत चटईवर झोपलेली.

"घंटी कितीतरी वेळ वाजत होती," असं आत्याने अंगणात सगळ्या भावकीसमोर सांगितलं. तिरडी बांधत होते तेव्हा.

ते वाक्य आमच्या घरातून कधी गेलं नाही. दिवसकार्य झालं, वर्षश्राद्ध झालं, माग जुने झाले, भंगारात गेले, ते वाक्य राहिलं. मागांचा आवाज असता तर एक वेळ समजलं असतं, असं सगळे म्हणायचे. पण त्या दिवशी माग बंद होते. घर गप्प होतं. म्हणजे ही बाई ऐकून पडून राहिली.

त्यानंतर आईच्या हातात कुणी माणूस दिलं नाही. स्वयंपाक दिला, धुणं दिलं, रात्रपाळी दिली. माणूस नाही. माझं बाळंतपण आत्याच्या देखरेखीत झालं. माझा मुलगा आईने पहिल्यांदा दारातून बघितला.

आई यावर कधी काही बोलली नाही. ती बोलत नाही याचा सगळ्यांनी सोयीचा अर्थ लावला होता.

*

मशिनबरोबर एक छोटा माइक येतो. ज्या जागी बसून ऐकायचं तिथे तो कानाच्या उंचीवर ठेवायचा. मग मशिन एकेका स्पीकरमधून आवाज सोडतं, माइकने तो ऐकतं आणि कुठला स्पीकर किती लांब, कुणाचा आवाज वाढवायचा, कुणाचा दाबायचा, ते ठरवतं. तीन जागा मोजून द्यायच्या असतात. मोजताना खोलीत चिडीचूप लागतं.

"आप्पा, उठा."

"माझ्या खुर्चीत ते बसणार होय?"

"दोनच मिनिटं."

"मी बसून ऐकणाराय ना? मग मला ठेव. त्याला कशाला?"

सुहास हसला. आप्पा उठले. मशिनने एक 'सूंऽऽ' सोडलं आणि लगेच थांबलं. पडद्यावर आलं: आवाज फार आहे, मोजता येत नाही.

आवाज शेजारच्या शेडचा होता. आमचे माग गेले तरी त्यांचे चालू होते. खट्याक खट्याक खट्याक. आम्हा कुणाला तो आवाज ऐकूच येत नव्हता. त्या गावात जन्मलेल्या माणसाला तो शांततेसारखा वाटतो. मशिन पुण्याचं होतं, त्याला ऐकू आला.

"पाळी बदलायच्या वेळी बंद पडतील," आप्पा म्हणाले. "तेवढ्यात उरक."

आम्ही थांबलो. आईने चहा आणला. आणि मग शेजारचे माग एकदम बंद झाले. माग बंद झाल्यावरची शांतता कशी असते ते बाहेरच्या माणसाला सांगता येत नाही. कानाला कुणीतरी धरून ठेवलेलं असतं आणि ते एकदम सोडतं.

आप्पांची खुर्ची मोजून झाली.

सोफ्याची जागा मोजायला मालूआत्या उठेना. गुडघे धरलेत म्हणाली. मग माइक तिच्या खांद्याजवळ धरून मोजलं. ती श्वास रोखून बसली होती, फोटो काढतात तशी.

"तिसरी जागा कुठली?" सुहासने विचारलं.

मी आईकडे गेले. तिच्या खांद्याला हात लावला. "आई, तू कुठे बसतेस?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. प्रश्न कळला नाही म्हणून नव्हे. असा प्रश्न असतो हे तिला माहीत नव्हतं.

"मी? मी कुठं बसतीय?"

"ती बसली तर भाकऱ्या कोण थापणार?" आत्या म्हणाली आणि आप्पांना हसू आलं. छान, मोकळं हसू. माझ्या डोक्यात जाळ झाला. मी माइक उचलला आणि उंबरठ्यावर ठेवला. आई जिथे उभी राहते तिथे.

"तिथं कोण ऐकणाराय, ताई?"

"गप बस."

मशिनने परत तक्रार केली. कुठल्यातरी स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्यात. कुठल्या, ते सांगेना. म्हणून मी मशिनची मोजणी थांबवली आणि लॅपटॉपवरून स्वतःच एक आवाज सोडायचं ठरवलं. आम्ही प्रयोगशाळेत वापरतो तो. सगळ्यात खालच्या सुरापासून सुरू होतो आणि हळूहळू वर चढत जातो, माणसाच्या कानापलीकडे जाईपर्यंत. सेकंदाला किती कंपनं, तो आकडा पडद्यावर दिसत राहतो. मोजणीसाठी आवाज मोठा केलेला होता, तो मी तसाच ठेवला.

आई तोवर झाडू घेऊन आत आली होती. झाडूने थर्माकोल उडतो म्हणून ती खाली बसून दाणे हाताने वेचत होती. उजव्या स्पीकरच्या अगदी पायाशी, आमच्याकडे पाठ करून.

चाळीस.
वूफर घुमला. खिडक्या थरथरल्या. आईने लगेच मान वर केली. सरकत जाऊन वूफरवर तळहात ठेवला. मला वाटलं, धूळ पुसतेय.

दोनशे.
मोटारीसारखा आवाज. आई परत दाण्यांकडे वळली.

हजार.
"काय कटकट आहे," आप्पा म्हणाले.

दोन हजार.
सुहासने तोंड वाकडं केलं.

तीन हजार.
"अगं बारीक कर ते! कान फुटायलेत!" आत्याने दोन्ही हात कानांवर नेले.

चार हजार.
आप्पा उभे राहिले. सुहास माझ्याकडे हात हलवत होता, बंद कर, बंद कर. माझेही दात शिवशिवत होते. तो आवाज सुईसारखा असतो, नुसता ऐकू येत नाही, घुसतो.

आई स्पीकरच्या तोंडाशी बसून दाणे वेचत होती.

तिची मान हलली नाही, खांदा हलला नाही. एक दाणा तिच्या बोटाला चिकटला होता, तो ती झटकत होती.

मी आवाज खाली आणला. पाचशे. आईने वळून बघितलं. "झालं का?" असा चेहरा.

ती परत पाठमोरी झाली. मी परत वर नेला. चार हजार. काही नाही.

मी दरवर्षी पोरांना ध्वनीचं प्रकरण शिकवते. गोंगाटात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या माणसाचे कुठले सूर आधी जातात, हा परीक्षेत नेमाने येणारा प्रश्न आहे. बारीक सूर. उंच सूर. बाकीचे राहतात. माणसाचं बोलणं बरंचसं कळतं, समोर तोंड असलं तर पूर्णच कळतं. आणि मागवाल्यांना तोंड वाचता येतंच. दोन मागांमध्ये उभं राहून कुणी कुणाला ओरडून सांगत नाही. ओठ हलवायचे, बोटांनी खुणा करायच्या. आमच्या गल्लीत सगळेच असे बोलतात. त्या सगळ्यांत एक बाई खरोखरच ऐकू न येऊन तोंडाकडे बघतेय, हे कुणाला वेगळं दिसणार?

मी लॅपटॉप खाली ठेवला आणि देवघरात गेले.

*

घंटी तिथेच होती, परत देवाची झालेली. मी ती घेऊन आईच्या पाठीमागे उभी राहिले आणि वाजवली.

"अगं, भलत्या वेळी देवाची घंटी काय वाजवतीस?" आत्या म्हणाली.

आई दाणे वेचत होती.

मी वाजवत राहिले. किणकिणकिणकिण. बारीक, गोड, रिकाम्या शेडमध्ये भिंतीला आपटून परत येणारा आवाज. सुहासला आधी कळलं. त्याचा चेहरा उतरत गेलेला मी बघितला.

"आई," तो म्हणाला. मग जाड आवाजात, जोराने, "आई!"

"काय रे?" म्हणत ती सहज वळली. मग तिला माझा हात दिसला, घंटी अजून हलवत असलेला. मग तिने आमची तोंडं एकेक करून बघितली. आप्पांचं सगळ्यात शेवटी.

"आई, ही तुला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"नाही," आई म्हणाली.

"नाही म्हणजे?" आप्पा. "कधीपासनं?"

"झाली की वर्षं. आधी चिमण्या गेल्या. मला वाटलं, गावातनंच गेल्या. मग कुकरची शिट्टी. मग ही."

"तात्यांच्या वेळी?"

"तेव्हा गेलेलीच होती."

आप्पांनी खुर्चीच्या हातावर रिमोट आपटला. "मग सांगायचं नाही होय!"

मी तोपर्यंत इतक्या मोठ्याने कधी बोलले नव्हते त्यांच्याशी. "तिनं सांगायचं? तुम्हाला बघायला काय झालं होतं? रात्रपाळीला इथं कोण उभं होतं? तुम्ही पेढीवर तक्क्याला टेकून सूत विकत होता. ही इथं, याच शेडमध्ये, चोवीस मागांत उभी होती. कान कुणाचे गेले? तुमचे का नाही गेले?"

"गावात सगळ्यांकडे माग आहेत. मी काय एकट्याने—"

"सगळ्यांनी आपापल्या बायकांना खुनी ठरवलं नाही."

"ताई," सुहास म्हणाला.

"तू बोलू नकोस. तू तर नाहीच."

मालूआत्याने बशी उचलली, परत ठेवली. "आता सुचतंय हे. बहिरी म्हणे. अगं, मी माडीवर होते, दार लावून पडले होते. मला ऐकू येत होती की घंटी. कितीतरी वेळ वाजत होती."

तेच वाक्य. मी ते शाळेत असल्यापासून ऐकत होते. अंगणात ऐकलं, पंगतीत ऐकलं, माझ्या बाळंतपणात उशाशी बसून ऐकलं. मला ते पाठ होतं. आणि त्या क्षणापर्यंत, देवाशप्पथ, आमच्यापैकी एकानेही ते नीट ऐकलं नव्हतं.

"मग तू का नाही उतरलीस?"

"काय?"

"तुला ऐकू येत होती. वर. दार लावलेलं असताना. कितीतरी वेळ. तू का नाही खाली आलीस?"

आत्याने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी रिमोटकडे.

"मी माहेरी आले होते," आत्या म्हणाली.

"म्हणून?"

"म्हणून काय म्हणून? घरात सून होती. लेकीनं माहेरी येऊन म्हाताऱ्याची कूस बदलायची? आमच्या आईनं या घरात मला कधी तांब्या उचलू दिला नव्हता. माहेरपण म्हणतात त्याला."

ती खोटं बोलत नव्हती. लपवत तर अजिबातच नव्हती. यात काही लपवण्यासारखं आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं, नाहीतर तिने ते वाक्य भर भावकीत सांगितलं असतं का? मला त्याचाच संताप आला. माझ्या हातातली घंटी मी कुठेतरी फेकली असती. आईने माझ्या मुठीवर हात ठेवला.

"शुभा, पुरे," आप्पा म्हणाले. "मोठी आहे ती तुझ्यापेक्षा."

"आणि आई? आई कुणापेक्षा मोठी आहे?"

आईच बोलली. आत्याकडे बघून, भांडण नाही, नेहमीच्या आवाजात. भाजीला मीठ कमी पडलं म्हणून सांगावं तसं.

"तुम्ही वर होता म्हणूनच मी पडले हो वन्सं. रात्रभर माग बघितले होते. एरवी मी दिवसा पडत नव्हते. घंटीचं माहीत होतं ना मला. म्हणून जरा जरा वेळानं उठून तात्यांना बघून यायचे. त्या दिवशी म्हटलं, घरात ऐकणारं माणूस आहे. पडते जरा."

शेजारचे माग सुरू झाले. खट्याक खट्याक खट्याक.

सुहास भिंतीकडे तोंड करून वायर गुंडाळत होता. तसाच म्हणाला, "पण मग बाळाचं तर अजिबातच नको, ताई. रात्री रडलं तर हिला कळायचं नाही."

आईला त्याचं तोंड दिसत नव्हतं. "काय म्हणाला?" तिने मला विचारलं.

मला सांगायचं नव्हतं. मी सांगितलं. शब्दाला शब्द.

तिने मान हलवली, जसं काही हेच येणार होतं. "म्हणून तर सांगितलं नव्हतं कुणाला," ती म्हणाली. "आळशी म्हटलं तर म्हणू दे. आळशी बाईच्या हातात काहीतरी राहतं. बहिरी म्हटलं की एकेक काढून घेतात."

तिने वेचलेले दाणे पदरात होते. ते तिने खोक्यात टाकले, पदर झटकला आणि आत गेली.

*

सुहास निघाला तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. तो खोकी ठेवायला गाडीशी गेला आणि तिथेच थांबला. आई आधीच आत बसली होती. पुढच्या सीटवर. मांडीवर दुपट्यांचं गाठोडं, पायाशी तिची निळी पिशवी.

तो तिच्या बाजूच्या काचेशी गेला. वाकला. तोंड तिच्यासमोर आणलं.

"आई, उतर. ऐक माझं."

"ऐकते. बोल."

"बाळ रडलं तर—"

"मागावर धागा तुटला की ऐकू यायचा होय रे? त्या गदारोळात? कुणाला ऐकू यायचा? हाताला कळायचा. नुसता हात ठेवला की कळायचा." तिने गाठोड्यावर हात ठेवला. "बाळ मांडीवर ठेवीन. रात्री पोटाशी घेईन. रडायच्या आधी अंग ताठ करतं ते. पाय आखडतं. तू करायचास. तुला मी एकदा तरी रडू दिलंय का विचार हिला."

सुहास माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला काहीही मदत केली नाही.

तो गाडीला वळसा घालून आला, बसला. किल्ली फिरवली. काच उघडी होती, दोघांत हातभर अंतर होतं, तरी तो तोंडाने बोलला नाही. खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकं बोट ओढून दाखवलं. मागावरची खूण असावी तशी. पट्टा लाव.

आईने पट्टा लावला.

मी शेडमध्ये परत आले. मालूआत्या नव्या चहाची वाट बघत बसली होती. मशिनच्या पडद्यावर दोन जागांपुढे बरोबरची खूण होती आणि तिसरीपुढे लिहिलं होतं: मोजायची बाकी.

"गेली?" आप्पा म्हणाले. "मग आता संध्याकाळचं काय?"

मी उंबरठ्यावरचा माइक उचलला. मग मशिनमागे वाकले आणि एकेक वायर उपटली. डावा, उजवा, मधला, मागचे दोन. वूफरची सगळ्यात शेवटी.

"अगं, एक तरी गाणं लाव," आप्पा म्हणाले. "एवढं आणलंय पोरानं."

"पुस्तिका तिथं आहे," मी म्हणाले. "मोठ्या अक्षरात आहे. वाचा."

ते बाळ आता पाचवीत आहे. तिच्या घरात कुणी पाठमोऱ्या माणसाशी बोलत नाही. आईच्या कानांत आता यंत्रं असतात. पाहुणे आले की ती काढून ठेवते.

घंटी आईनेच घेतली होती. लग्नाच्या वर्षी, नरसोबाच्या वाडीला, देवळाबाहेरच्या दुकानात. दुकानदाराने मोठी पुढे केली होती. तिने एकेक कानाशी धरून सगळ्या वाजवून बघितल्या आणि सगळ्यात बारीक आवाजाची निवडली.